बरगानच्या काळ्या मातीत : रोमानियाचं सूर्यफूल आणि मातीतली ओल

सोमवार, बुखारेस्ट

"ताई, सूर्यफूल बघायला आलीस खरी, पण पिवळं काही दिसायचं नाही. सगळं काळं पडलंय," मावसभावाने विमानतळावरच सांगून टाकलं. तो इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि या आठवड्यात माझा सारथी आणि दुभाष्या होणार होता. ऑगस्ट 2024 चा शेवटचा आठवडा. मला फुलांचे फोटो काढायचेच नव्हते. पीक कसं आलं हे फुलावरून कळत नाही, ते काढणीच्या तोंडावर दाणा हातात घेऊन बघावं लागतं.

मी लातूरची. आमच्या वडिलांच्या शेतात सूर्यफूल होतं, आज तिथे सोयाबीन आहे. 1993-94 च्या सुमारास भारतात सूर्यफुलाखाली पंचवीस लाख हेक्टरहून जास्त क्षेत्र होतं, आता ते काही लाखांवर आलंय. आपल्या कढईतलं सूर्यफुलाचं तेल बहुतेक सगळं परदेशी असतं : रशिया, युक्रेन, अर्जेंटिना आणि रोमानिया. तेलबियांच्या कामात असल्यामुळे या देशांच्या उत्पादकतेचे आकडे मी दर महिन्याला वाचते. पण ज्या मातीतून हे आकडे येतात ती कधी पाहिली नव्हती. रोमानिया निवडला, कारण युरोपीय संघात सूर्यफुलाचं क्षेत्र बहुतेक वर्षी याच देशात सर्वांत मोठं असतं, दहा लाख हेक्टरच्या वर. आणि इथलं बहुतेक पीक कोरडवाहू आहे. आपल्यासारखंच.

दुपारी ओबोर मंडईत गेलो. टोमॅटो, लांबट तिखट मिरच्या आणि वांग्यांचे ढीग. शरदाच्या तोंडावर इथे घरोघरी झाकुस्का करून बरण्या भरायची पद्धत आहे : भाजलेली वांगी, सिमला मिरची, कांदा, टोमॅटो, आणि हे सगळं सूर्यफुलाच्या तेलात तासन्‌तास शिजवायचं. संध्याकाळी भावाच्या शेजारीणबाईंनी भाजलेलं वांगं बारीक चिरून, वरून कच्चं सूर्यफुलाचं तेल धारेने घालत घोटून दिलं. इथल्या स्वयंपाकाला दुसरं तेल माहीत नाही म्हटलं तरी चालेल. हलवासुद्धा सूर्यफुलाच्या बियांचा, राखाडी रंगाचा, हातात भुगा होणारा. बाकांवर म्हातारी माणसं बिया फोडत बसलेली, पायाशी टरफलांचा सडा. तेलाचं पीक एका देशाच्या जगण्यात किती खोल मुरलंय ते पहिल्याच दिवशी कळलं.

मंगळवार, फुंदुल्या

बुखारेस्टहून पूर्वेला समुद्राकडे जाणाऱ्या महामार्गाला सूर्याचा महामार्ग म्हणतात. त्यावर अर्ध्या-पाऊण तासात फुंदुल्या येतं. 1957 साली इथे देशाची मोठी कृषी संशोधन संस्था उभी राहिली. तेलबियांच्या माणसाला हे नाव पाठ असतं.

सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं, पण त्याला तेलाचं पीक केलं ते रशियाने. क्रास्नोदारला पुस्तोवोइत यांनी आयुष्यभर निवड करत दाण्यातलं तेल तीस-पस्तीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांच्या घरात नेलं. पुढचा टप्पा संकराचा. 1969 च्या सुमारास फ्रान्समध्ये लक्लेर्क यांना नरवंध्य झाडं मिळाली. ज्यात परागच तयार होत नाहीत अशी मादी ओळ हाती आली, की मोठ्या प्रमाणावर संकरित बियाणं करता येतं. त्यावर सर्वांत वेगाने काम करणाऱ्यांमध्ये फुंदुल्याचे व्रन्च्यानू होते, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच रोमानियाचे संकरित वाण शेतात पोचले. आपल्याकडे त्याच सुमारास रशियन सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण येऊन नुकतेच रुजत होते. आपला पहिला संकर, बीएसएच-1, बंगळूरहून 1980 साली आला.

संस्थेतल्या एका संशोधिकाबाई आम्हाला प्रक्षेत्रावर घेऊन गेल्या. वय साठीच्या आसपास, डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट, बोलणं मोजकं. मी विचारलं, आजच्या वाणांची ताकद किती? त्या म्हणाल्या, पाऊस वेळेवर झाला तर हेक्टरी चार टन, चांगल्या रानात त्याहूनही वर. म्हणजे एकरी सोळा क्विंटल. मग देशाची सरासरी का घसरतेय? त्यांनी खाली वाकून मातीवर हात ठेवला आणि भावाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बियाणं आम्ही दिलंय. पाणी आमच्या हातात नाही."

आकडे बघा. 2018 साली रोमानियाची सूर्यफुलाची सरासरी हेक्टरी तीन टनांच्या आसपास होती, एकरी बारा क्विंटल. 2019 साली क्षेत्र वाढलं आणि एकूण उत्पादन 35 लाख टनांवर गेलं. त्या वेळी सगळ्यांना वाटलं, आता हा देश असाच चढत जाणार. 2020 ला दुष्काळ. 2021 ला थोडं सावरलं. 2022 आणि 2023 ला सरासरी दोन टनांच्या किंचित खाली, एकूण उत्पादन वीस-एकवीस लाख टन. आणि हे 2024, दोन टनांच्या बरंच खाली जाणारं. सहा वर्षांत बियाणं बिघडलं नाही, उलट सुधारलंच. ट्रॅक्टर मोठे झाले, पेरणीयंत्रं उपग्रहावर चालायला लागली. आणि तरी आलेख खाली.

बुधवार, बरगान

फुंदुल्यापासून डॅन्यूबपर्यंत पसरलेल्या मैदानाला बरगान म्हणतात. टेकडी नाही, ओढा क्वचित, झाडं फक्त रस्त्याच्या कडेने. हिवाळ्यात ईशान्येकडून क्रिवत्स नावाचा वारा येतो आणि बर्फ उडवत नेतो. त्याला अडवायला पूर्वी शेताच्या बांधांवर झाडांचे लांबच लांब पट्टे होते. 1960 च्या दशकात सामूहिक शेतीच्या धामधुमीत त्यातले पुष्कळ तोडले गेले. आता पुन्हा लावायचं चाललंय, पण फार हळू. शेताची ओल राखायला या पट्ट्यांइतकं स्वस्त साधन दुसरं नाही असं माझं ठाम मत झालं : बर्फ शेतातच साठतो, वसंतात तिथेच विरघळतो, आणि उन्हाळ्यात वाऱ्याची धार कमी होते.

रोमानियाचं आजवरचं सर्वाधिक तापमान याच मैदानात नोंदलंय, ऑगस्ट 1951 मध्ये 44.5 अंश. म्हणजे उष्णता इथे नवी नाही. पूर्वी ती अधूनमधून यायची, आता लागोपाठ येते आणि जास्त दिवस मुक्काम ठोकते. 2024 च्या जुलैतही दक्षिण रोमानिया चाळिशीवर तापला होता.

स्लोबोझियाच्या अलीकडे एका शेतकऱ्याकडे गेलो. भावाच्या ऑफिसातल्या एकाचे हे काका. स्वतःची जमीन थोडी, बाकी गावातल्या लोकांकडून खंडाने घेतलेली, सगळी मिळून काही शे हेक्टर. 1991 च्या कायद्याने सामूहिक शेतं मोडून जमीन मूळ कुटुंबांना परत मिळाली, पण तुकड्यातुकड्यांनी. तरुण पोरं इटली-स्पेनला गेली, म्हातारे आपले दोन-तीन हेक्टर अशा शेतकऱ्याला कसायला देतात आणि खंडाचा काही भाग गहू आणि तेलाच्या रूपात घेतात. वर्षाला इतकं धान्य, इतके लिटर तेल. दुष्काळात शेतकऱ्याचं पीक बुडतं, पण म्हाताऱ्यांचं तेल त्याला द्यावंच लागतं.

काकांनी सूर्यफुलाच्या उभ्या रानात नेलं. आठ-दहा दिवसांपूर्वीच कापायला हवं होतं, पण हार्वेस्टर दुसरीकडे अडकलं होतं. झाडं कमरेएवढी. एरवी छातीच्या वर असतात. पानं खालून वरपर्यंत करपून कागदासारखी वाजत होती. मी एक फूल तोडून उलटं केलं आणि अंगठ्याने दाणे सोडवायला लागले. कडेच्या तीन-चार ओळी भरलेल्या, काळ्या, तुकतुकीत. आत सरकलं की दाणा बारीक, दाबला की फुटतो, आत पांढरा कोंडा. मधोमध रुपयाच्या नाण्याहून मोठी जागा रिकामी, तिथे दाणाच धरला नव्हता. मूठभर दाणे घेऊन मी फुंकर मारली, तर निम्म्याहून जास्त पोचट उडून गेले.

एवढ्या एका फुलात सगळ्या हंगामाची गोष्ट वाचता येते. सूर्यफूल बाहेरून आत उमलतं, रोज थोड्या ओळी. पहिल्या ओळी उमलल्या तेव्हा मुळांना ओल मिळत होती. मग उष्णतेची लाट आली, पराग मेले, मधमाश्या दुपारच्या बाहेर पडेनात, आणि आतल्या ओळी तशाच राहिल्या. जे दाणे धरले त्यांना भरायला पाणी उरलं नाही. दाणा हलका, तेल कमी. या रानाचा एकरी उतारा काकांनी पाच क्विंटल सांगितला.

नंतर त्यांनी गाडीतून गिरमिट काढलं, मातीचा नमुना काढायचं. इथली माती चेर्नोझेम, काळीभोर, हातात घेतली की भुसभुशीत, आपल्या रेगुरासारखी उन्हाळ्यात हातभर भेगा न पडणारी. सेंद्रिय कर्ब आपल्या मातीच्या कितीतरी पट. गिरमिट एक मीटर खाली गेलं. वर आलेली माती मी बोटांत चोळली. कोरडी भुकटी. आणखी खाली, दीड मीटरच्या आसपास, तेव्हाही गोळा वळेना. सूर्यफुलाचं सोटमूळ दोन मीटरपर्यंत उतरतं, म्हणून तर ते मक्यापेक्षा दुष्काळ जास्त सोसतं. पण खाली काही असेल तर ना. काका म्हणाले, गेल्या हिवाळ्यात बर्फ नावालाच पडला. मार्च संपता संपता त्यांनी असंच गिरमिट मारून पाहिलं होतं, तेव्हाच ओल एक मीटरच्या खाली नव्हती. "मला एप्रिलमध्येच माहीत होतं," ते म्हणाले. तरी पेरलं, कारण बियाणं, खत, खंड सगळ्याचे पैसे आधीच गेले होते.

हे ऐकताना मला मंगळवेढ्याची ज्वारी आठवली. तिथला शेतकरी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाची ओल बघून मालदांडी पेरतो आणि पुढे एकही सर न येता तिच्यावर पीक काढतो. बरगानचं सूर्यफूल अगदी तसंच आहे, फरक इतकाच की इथे ओल हिवाळ्यात भरते. वर्षाचा पाऊस साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, लातूरपेक्षा बराच कमी. उन्हाळ्यातल्या सरी मदत करतात, पण पिकाचा पाया नोव्हेंबर ते मार्चमध्ये घातला जातो. युरोपातल्या तेलबियांचा अंदाज वर्तवणारे सगळे जुलैच्या पावसाकडे डोळे लावून बसतात. मला आता वाटतं, निम्मा निकाल मार्चअखेर लागलेला असतो.

परतताना काकांनी मशागतीचं बोलणं काढलं. त्यांनी काही रान नांगरणं बंद केलंय, धसकटं आणि भुसा तसाच ठेवून त्यात पेरणी करतात. तिथली माती त्यांनी उकरून दाखवली, आच्छादनाखाली बोटभर खोलीवर थंडावा होता, गांडुळांची बिळं होती. शेजारचे हसतात, म्हणाले, रान घाण दिसतं म्हणून. यंदा त्या रानात एकरी दीड-दोन क्विंटल जास्त निघतील असा त्यांचा हिशोब. एका शेतावरून नियम करता येत नाही, तरी माझ्या मते इथल्या पुढच्या वीस वर्षांचा मार्ग वाणापेक्षा या धसकटांतूनच जास्त जातो.

गुरुवार, ब्रईला

आज वेगळंच चित्र. डॅन्यूब इथे दोन फाट्यांत वाहते आणि मध्ये ब्रईलाचं मोठं बेट आहे. पूर्वी ही दलदल होती, मासेमारीची. 1960 च्या दशकात बांध घालून, पाणी उपसून ती शेतजमीन केली, आणि त्या कामावर राजकीय कैदी राबवले गेले. आज पन्नास हजार हेक्टरहून जास्त जमीन एकाच व्यवस्थापनाखाली आहे, 2018 पासून संयुक्त अरब अमिरातीतल्या एका कंपनीकडे. नदीतून पाणी उपसून पाइपांवाटे सगळीकडे फिरवलेलं. आम्ही काठावरूनच पाहिलं : चाकांवरचे लांबलचक तुषार सिंचनाचे सांगाडे, आणि त्यांच्याखाली ऑगस्ट संपताना हिरवंगार रान. अलीकडच्या काठाला करपलेला मका.

1989 च्या आधी रोमानियात जवळजवळ तीस लाख हेक्टरला सिंचनाची सोय झाली होती. कारभार वरून हुकमाने चालायचा, वीज अफाट लागायची, पण पाइप जमिनीत होते, पंपघरं उभी होती. कम्युनिस्ट राजवट पडल्यावर जमीन तुकड्यांत वाटली गेली. एका पाइपवर एकाऐवजी पन्नास मालक आले, पंप चालवायचा कोणी, बिल भरायचं कोणी, हे ठरेना. लोखंड भंगारात गेलं. ओस पडलेली पंपघरं रस्त्याने जाताना दिसतात, खिडक्या नसलेली, आत झुडपं वाढलेली. आता पाणीवापर संस्था करून काही भाग पुन्हा चालू होतोय. सिरेत नदीचं पाणी बरगानला आणणारा मोठा कालवा 1980 च्या दशकात खणायला घेतला होता, तो अजून पुरा व्हायचाय. ज्या मैदानाच्या तीन बाजूंनी नद्या आहेत तिथे शेतकरी आभाळाकडे बघतोय, याचं मला फार वाईट वाटलं. आपल्याकडच्या अर्धवट कालव्यांच्या कहाण्या ऐकतच मी मोठी झालेय.

पण मग सगळीकडे पाणी दिलं की प्रश्न सुटला का? डॅन्यूब स्वतःच या वर्षी, 2022 सारखीच, फार खाली गेली होती. वाळूची बेटं उघडी पडली होती. आणि सूर्यफुलाला पाणी द्यायला शेतकरी सहसा तयार नसतो. पाणी मिळालं की तो आधी मका, बियाण्याचे प्लॉट, भाजीपाला धरतो. म्हणजे सिंचन वाढलं तरी तेलबिया कोरडवाहू रानातच ढकलल्या जाणार. उत्पादकतेचा अंदाज बांधताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

संध्याकाळी ब्रईलाच्या नव्या झुलत्या पुलावरून पलीकडे गेलो. जुलै 2023 मध्ये सुरू झालेला हा पूल इथल्या लोकांचा अभिमान आहे, त्यांची फेरी बोटीची रांग सुटली.

शुक्रवार, दोब्रोजा

डॅन्यूब आणि काळा समुद्र यांच्यामधला हा प्रदेश आणखी कोरडा, पाऊस चारशेच्या आसपास. 2020 चा दुष्काळ इथे सर्वांत वाईट होता, गहू आणि मोहरीवर्गीय रॅपसीड रानातच वाळून गेलं होतं.

इथे मी ज्यासाठी आले होते ते एका सूर्यफुलाच्या बुंध्याशी दिसलं. जमिनीतून वीतभर वर आलेली फिकट, पानं नसलेली, निळसर फुलांची काडी. रोमानियन लोक तिला लुपोआये म्हणतात. आपल्या निपाणी-कोल्हापूरकडे तंबाखूत येतो त्या बंबाखूचीच बहीण. हिला हरितद्रव्य नाही. ती सूर्यफुलाच्या मुळाला चिकटते आणि अन्नपाणी ओढून घेते. मी एक वाळलेली काडी कागदावर झटकली तर धूळ पडली. ती धूळ म्हणजेच बी. एका झाडाला हजारोंनी, लाखाच्या घरातही, आणि मातीत पंधरा-वीस वर्षं जिवंत राहणारं. वारा, पाणी, हार्वेस्टरची चाकं, सगळ्यांबरोबर पसरतं.

फुंदुल्याच्याच शास्त्रज्ञांनी 1980 साली या बंबाखूच्या पाच जाती ए, बी, सी, डी, ई अशा क्रमाने ठरवल्या आणि प्रत्येकीला तोंड देणारा वाण कोणता ते दाखवलं. तेव्हापासून शर्यत चालू आहे : नवा प्रतिकारक वाण आला की काही वर्षांत नवी जात निघते, आणि ती बहुतेक वेळा इथे दोब्रोजात किंवा शेजारच्या ब्रईलात पहिल्यांदा दिसते. दुसरा उपाय तणनाशकाचा. अमेरिकेत कॅन्ससमध्ये 1996 साली सोयाबीनच्या रानात तणनाशकाला न मरणारी रानटी सूर्यफुलं सापडली, तो गुण वाणांत आणला गेला, त्यामुळे उभ्या पिकावर फवारून बंबाखू मारता येतो. खरा उपाय मात्र फेरपालटीचा. एकाच रानात सूर्यफूल पाच-सहा वर्षांनी यावं. पण मका परवडेनासा झाला की शेतकरी दोन-तीन वर्षांतच पुन्हा सूर्यफुलाकडे वळतो, आणि दुष्काळ बंबाखूला रान मोकळं करून देतो. हे मला सगळ्यात काळजीचं वाटलं. लातूरला 1984 च्या सुमारास सूर्यफुलावर केवडा हा रोग आला, देशातली ती पहिली नोंद होती. पुढे 1990 च्या दशकाच्या शेवटी दक्षिणेत फुलकिड्यांनी पसरवलेला नेक्रोसिस हा विषाणूरोग आला. तेच तेच पीक त्याच रानात घेण्याची किंमत आपल्या भागाने मोजली आहे.

रोपावस्थेतला शत्रू वेगळा, एक करडा सोंडेकिडा. उडता येत नाही, पण उगवत्या सूर्यफुलाचे आणि मक्याचे कोंब जमिनीलगत कुरतडून बघता बघता ओळ साफ करतो. पूर्वी बियाण्याला निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक लावून तो आवरला जायचा. मधमाश्यांसाठी युरोपीय संघाने 2018 मध्ये त्यातली तीन औषधं उघड्या शेतात बंद केली. रोमानिया दरवर्षी आपत्कालीन परवानगी देत राहिला, तर जानेवारी 2023 मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा परवानग्यांनाही मनाई केली. इथले शेतकरी यावर चिडून बोलतात. मला दोन्ही बाजू कळतात. मधमाश्या नसतील तर सूर्यफुलाच्या मधल्या ओळी पोचट राहतात, आणि सोंडेकिड्याने कोंबच खाल्ले तर मधमाश्यांना फूलच नाही. पण पर्याय तयार होण्याआधी औषध काढून घेतलं की सगळा भार लहान शेतकऱ्यावर पडतो.

दुपारी एका रॅपसीड पेरणाऱ्या शेतकऱ्याशी बोललो. रान तयार, बियाणं गोदामात, पाऊस नाही. रॅपसीड ऑगस्टअखेर-सप्टेंबरात पेरतात, हिवाळ्यात ते बर्फाखाली झोपतं, जूनअखेर काढणीला येतं. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या भट्टीतून ते सुटतं, म्हणून दुष्काळी वर्षांनंतर शेतकरी मक्याकडून गहू, सातू, रॅपसीड अशा हिवाळी पिकांकडे सरकतोय. पण मोहरीएवढं हे बी दीड-दोन सेंटिमीटरवर पेरायचं, तिथे ओल नसेल तर उगवणच नाही. हिवाळ्याआधी झाडाला आठ-दहा पानं आणि बोटभर जाडीचं मूळ हवं, नाहीतर क्रिवत्समध्ये ते मरतं. म्हणजे सूर्यफुलाची परीक्षा जुलैत, रॅपसीडची सप्टेंबरात. दोन्ही तेलबिया दोन वेगवेगळ्या दारांशी पावसाची वाट बघतात. शहाणा शेतकरी दोन्ही पेरतो.

शनिवार, कॉन्स्टान्त्सा

काळ्या समुद्रावरचं हे बंदर रोमन काळातलं तोमिस; कवी ओविडला इथे हद्दपार केलं होतं, चौकात त्याचा पुतळा आहे. बंदरात अंगेल सालिन्यी या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली धान्याची कोठारं अजून उभी आहेत, प्रबलित काँक्रीटच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या इमारतींपैकी. चेर्नावोदाहून डॅन्यूब सोडून थेट समुद्राला मिळणारा कालवा 1984 मध्ये सुरू झाला, त्याने बार्जेस इथे येतात.

2022 च्या युद्धानंतर या बंदराचं नशीब पालटलं. युक्रेनचं ओडेसा बंदर अडकल्यावर तिथला माल डॅन्यूबमार्गे, रेल्वेने, ट्रकने इथे यायला लागला. 2023 मध्ये कॉन्स्टान्त्साने सुमारे 360 लाख टन धान्य हाताळलं, त्यातलं जवळजवळ 140 लाख टन युक्रेनचं. बंदराला सुगी, पण बरगानच्या शेतकऱ्याला नाही. स्वस्त युक्रेनी बियांमुळे त्याचा भाव पडला. म्हणून मे ते सप्टेंबर 2023 या काळात युरोपीय संघाने रोमानियासह पाच देशांत युक्रेनचे गहू, मका, रॅपसीड आणि सूर्यफूल विकायला बंदी घातली, माल फक्त पुढे नेता येईल असं ठरवलं. यंदा पीक कमी आणि तरी भावात तेजी नाही, हे काका बुधवारी सांगत होते, त्याचं कारण या धक्क्यांवर दिसलं.

एका जहाजाच्या दलालाने चहा पाजला. आम्ही भारतातून आलोय कळल्यावर तो लगेच म्हणाला, "तुम्ही लोक तर आमचे मोठे गिऱ्हाईक." भारताने 2023-24 च्या तेलवर्षात (नोव्हेंबर ते ऑक्टोबर) तीस लाख टनांहून जास्त सूर्यफूल तेल आयात केलं. 2022 च्या वसंतात युक्रेनचा पुरवठा तुटला तेव्हा लातूरच्या किराणा दुकानात तेलाच्या डब्याचा भाव रोज बदलायचा, ते आठवलं. पर्याय म्हणून रोमानियाकडे बघायचं तर हाही देश त्याच समुद्राच्या, त्याच कोरड्या वाऱ्याच्या पट्ट्यात आहे. बल्गेरिया, मोल्दोव्हा, दक्षिण युक्रेन, बरगान : एकाला दुष्काळ पडला तर बहुतेक सगळ्यांना पडतो. पुरवठादार बदलून जोखीम फार वाटली जात नाही.

रविवार, परतीची तयारी

भावाच्या घरी लॅपटॉप उघडून युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचं पीकपत्रक वाचलं. इटलीत इस्प्राला बसून ही मंडळी उपग्रह, हवामान आणि पिकाच्या गणिती प्रारूपांवरून दर महिन्याला देशवार उतारा सांगतात. काम उत्तम आहे, मी अनेक वर्षं त्यावर विसंबते. पण त्यातला "पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा इतके टक्के" हा स्तंभ आता जपून वाचावा लागेल. सरासरीतून 2019 सारखं चांगलं वर्ष गळून 2024 आत आलं की पट्टीच खाली सरकते. मग पुढे कधी "सरासरीपेक्षा पाच टक्के जास्त" असं छापून आलं तर ते 2018 च्या पिकापासून कोसभर दूरच असेल. आपल्याकडचा तेल व्यापारी तो आकडा वाचून खूश होईल आणि सौदे करून बसेल.

माझा स्वतःचा अंदाज असा : रोमानियाचं सूर्यफूल संपणार नाही, क्षेत्र दहा लाख हेक्टरच्या आसपास टिकेल, कारण मक्याला ते उन्हात भारी पडतं. एखादं ओलं वर्ष आलं तर हेक्टरी अडीच-तीन टन पुन्हा दिसतील. पण अशी वर्षं विरळ होतील आणि दीड-दोन टनांची वर्षं नेहमीची होतील. रॅपसीडचं क्षेत्र सप्टेंबरच्या पावसाप्रमाणे दरवर्षी वरखाली होत राहील. हे बदलायचं तर झाडांचे पट्टे, धसकटांची शेती आणि लांब फेरपालट, तिन्ही एकदम हवेत, आणि तिन्हींना पैसा लागतो तो खंडाने शेती करणाऱ्याकडे नसतो.

लातूरला पोचल्यावर पंधरा दिवसांत बातमी आली. सप्टेंबरच्या मध्यावर बोरिस वादळाने ब्रईलाच्या शेजारच्या गालात्स जिल्ह्यात काही तासांत इतका पाऊस ओतला की गावं बुडाली, माणसं गेली. भावाने काकांना फोन केला. त्यांच्याकडे थोडकाच पाऊस झाला होता, वीस-बावीस मिलिमीटर. तेवढ्यावर त्यांनी न नांगरलेल्या रानात रॅपसीड पेरलं होतं. नांगरलेलं रान त्यांनी गव्हासाठी राखून ठेवलं.